कृतनाश, अकृताभ्यागम आणि कार्बनचा हिशेब

भारतीय दर्शनांत कर्माची चर्चा होते तेव्हा दोन दोषांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पहिला कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच ते कर्म नाहीसे होणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे जे कर्म केलेच नाही त्याचे फळ वाट्याला येणे. आत्मा नित्य आहे आणि पुनर्जन्म आहे हे सिद्ध करताना प्रतिपक्षावर हेच दोन दोष टाकले जातात, कारण ज्या जगात ते संभवतात ते जग न्यायाचे मानता येत नाही, हे वादाच्या दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. हवामानबदलाने मात्र हे दोन्ही दोष तर्कशास्त्राच्या ग्रंथांतून उचलून प्रत्यक्ष जगात आणून ठेवले आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी लँकेशायरच्या किंवा मुंबईच्या गिरण्यांत जळालेल्या कोळशातील कार्बनचा काही अंश आजही वातावरणात आहे. कोळसा जाळणारे, त्यावर नफा मिळवणारे आणि ते कापड नेसणारे सगळे केव्हाच गेले, आणि त्या धुराची धग त्या वेळी जन्मालाही न आलेल्यांना लागत आहे.

व्यक्ती, घर, कारखाना किंवा वस्तू यांच्यामुळे वातावरणात जाणाऱ्या हरितगृह वायूंची एकत्रित बेरीज म्हणजे त्यांचा कार्बन फूटप्रिंट. या बेरजेकडे केवळ तांत्रिक कामकाज म्हणून पाहिले तर तिचे खरे महत्त्व निसटते, कारण कर्म हवेत विरून जाऊ न देता त्याची कर्त्याच्या नावावर नोंद करणे, म्हणजेच कृतनाश रोखणे, हा तिचा नैतिक अर्थ आहे. जैन तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत आणखी एक गोष्ट सांगता येते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, हा घटक धरला आहे. उत्सर्जन मोजले जात नव्हते तोवर त्यातून होणारी हानी अजाणतेपणी घडली असे म्हणता येत असे. आकडा समोर आल्यानंतर तेच कृत्य प्रमादाच्या कक्षेत येते. मोजमापाने वायूच्या वजनात काही फरक पडत नाही, पण कर्त्याच्या दोषाचे स्वरूप मात्र बदलते.

या हिशेबाला मोजमाप म्हणतात, परंतु धुराड्याच्या तोंडाशी उपकरण लावून वायू मोजण्याचे प्रसंग थोडे असतात; बहुतेक वेळा वापराच्या आकड्याला उत्सर्जन गुणकाने, म्हणजे त्या वापराच्या एका एककामागे सरासरी किती वायू बाहेर पडतो या संख्येने, गुणले जाते. भारतातील विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणून महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर सुमारे ७० किलो लागतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे ४० किलोंहून थोडे अधिक. मिथेनसारखे इतर वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किती उष्णता धरतात ते पाहून त्यांचे समतुल्य वजन काढले जाते, आणि पहिली तात्त्विक निवड येथेच दडलेली असते. १०० वर्षांची मुदत धरली तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, २० वर्षांची धरली तर ८० किलोंच्या वर जातो. कोणत्या पिढीच्या नुकसानीला किती वजन द्यायचे, हा निर्णय अशा रीतीने गुणकाच्या आत जाऊन बसतो आणि तक्ता वाचणाऱ्याला तो दिसतही नाही.

कर्म कोणाचे, हा याहून अवघड प्रश्न आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलने उद्योगांच्या उत्सर्जनाचे तीन विभाग, म्हणजे स्कोप, पाडले: कारखान्याने स्वतः जाळलेल्या इंधनाचे पहिल्यात, विकत घेतलेल्या विजेचे किंवा वाफेचे दुसऱ्यात, आणि कच्च्या मालापासून वाहतूक, ग्राहकाचा वापर व अखेरची विल्हेवाट यांपर्यंतचे सगळे तिसऱ्यात. जैन परंपरेने आणि योगसूत्रांनी हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार फार पूर्वीच सांगितले आहेत. त्यांचे या विभागांशी असलेले साम्य वरवरचे नाही. ज्या मनुस्मृतीचे १९२७ साली महाडला दहन झाले, आणि रास्त कारणांसाठी झाले, त्याच ग्रंथात मांसाच्या संदर्भात संमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सगळ्यांनाच घातक म्हटले आहे. तेथे प्रत्येकाच्या माथी एक अष्टमांश पाप येत नाही. प्रत्येक जण पुरता घातक ठरतो. स्कोपच्या पद्धतीतही एकच टन कोळसा वीजनिर्मात्याच्या पहिल्या, गिरणीच्या दुसऱ्या आणि कापडविक्रेत्याच्या तिसऱ्या विभागात नोंदला जातो. ही दुबार मोजणी अनेकांना चूक वाटते, पण वजनाची वाटणी होते तशी जबाबदारीची होत नाही, हे सत्य त्या दुबार नोंदीत टिकून राहिले आहे. सेबीने सूचीबद्ध कंपन्यांपैकी बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हा तिसऱ्या विभागाची माहिती मात्र ऐच्छिक ठेवली. अनुमोदित कर्म नोंदवायचे की नाही ते अनुमोदकाच्याच मर्जीवर राहिले.

बेरीज एकदाच व्हावी असा आग्रह धरला की वाटणी करावी लागते, आणि वाटणीत निसर्गाचा नव्हे तर माणसाच्या हेतूचा नियम चालतो. साखर कारखान्याचे उदाहरण घेता येईल. एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि सुमारे ४० किलो मळी मिळते. उसाच्या शेतात युरियापासून निघणारा नायट्रस ऑक्साइड, ज्याचा एक किलो २७० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात, उपशाच्या पंपांची वीज आणि ऊसवाहतुकीचे डिझेल यांचा बोजा या तिघांपैकी कोणावर टाकायचा? वजनाप्रमाणे टाकला तर साखरेच्या वाट्याला जेमतेम चौथा भाग येतो आणि बहुतेक भार चोथ्यावर पडतो. किमतीप्रमाणे टाकला तर बराचसा साखरेवर जातो. बाजारभाव बदलला की शेतात काहीही न बदलता साखरेचा फूटप्रिंट बदलतो. आयएसओ १४०४४ हे मानक अशी वाटणी शक्यतो टाळावी असेच सुचवते, आणि टाळता आली नाही तर आधी भौतिक संबंधाचा व मगच किमतीचा आधार घ्यायला सांगते. उसाची लागवड मुळात साखरेसाठीच होते, म्हणून हेतूच्या दृष्टीने किमतीची वाटणी अधिक न्याय्य वाटते. पण असे म्हणताना मोजणारा पदार्थविज्ञान सोडून नीतिशास्त्रात आलेला असतो, आणि ते त्याने उघडपणे मान्य करायला हवे.

राष्ट्रांचा हिशेब प्रदेशानुसार होतो: ज्या भूमीवर धूर निघाला त्या देशाच्या नावावर तो लागतो, मग तेथे तयार झालेले पोलाद कोणीही वापरो. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते इत्यादींतील कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली, तेव्हा आयात वस्तूंतील कर्माकडे ग्राहकाचे लक्ष गेले खरे, पण त्याची किंमत उत्पादकाच्या दारी येऊन पडते. त्याहून लक्षणीय बाब आंतरराष्ट्रीय जहाजांच्या आणि विमानांच्या इंधनाची आहे. ते राष्ट्रीय अहवालात वेगळे नोंदवले जाते आणि कोणत्याही देशाच्या एकूण बेरजेत धरले जात नाही. मोजमाप काटेकोर असूनही कर्ता नसलेले हे कर्म म्हणजे कृतनाशाचे जिवंत उदाहरण आहे.

घराच्या हिशेबासाठी धर्मशास्त्रात एक जुनी कल्पना आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे या गृहस्थाच्या पाच जागांना पंचसूना, म्हणजे पाच वधस्थाने, म्हटले आहे आणि त्यांच्या निष्कृतीसाठी, म्हणजे परिमार्जनासाठी, रोजचे पंचमहायज्ञ सांगितले आहेत. जगण्यासाठी अटळ असलेली हिंसाही हिंसाच आहे, पण तिचा कर्ता अपराधी नसून ऋणी आहे, हा विवेक त्या कल्पनेत आहे. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये भातशेतीतील मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच मापाने मोजण्याला आक्षेप घेतला, आणि हेन्री शू या तत्त्वज्ञाने निर्वाहाचे व चैनीचे उत्सर्जन असा भेद मांडला, तेव्हा तोच विवेक आधुनिक भाषेत परतला. निष्कृती मात्र विकत घेता येत नव्हती. आज विमानप्रवासाच्या तिकिटासोबत झाडे लावण्याचे श्रेयपत्र घेऊन कर्म फिटल्याचे मानले जाते, त्यात ऋण रोजचे आहे ही जाणीवच उरत नाही.

मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवर सरपणावर भाकरी भाजणाऱ्या बाईच्या नावावर या हिशेबात फारसे काही लागत नाही, कारण झाड पुन्हा वाढते या गृहीतकावर लाकडातील कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत शून्य धरतात. तिच्या छातीत जाणारा धूर त्या शून्यात मावत नाही, आणि लांबलेला पाऊस, वाळलेले सोयाबीन किंवा आटलेली विहीर हेही कोणत्या रकान्यात येत नाही. कोणी किती सोडले याची नोंद या वहीत होते. कोणी किती सोसले, यासाठी तिच्यात अजून पानच घातलेले नाही.