शेवळांची खाज आणि यंत्राची बुद्धी

पहिल्या सरींच्या आसपास खर्डी-कसाऱ्याकडून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. ठाकूर आणि कातकरी बाया पाट्या घेऊन कल्याण, ठाणे, दादर गाठतात. जुडीबरोबर मूठभर काकडंही देतात, कारण हे आंबट फळ पडलं नाही तर भाजी घशाला अशी खाजते की खाणारा पुन्हा शेवळांचं नाव काढत नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट त्यांना आवर घालतं. मुंबई-ठाण्याच्या सीकेपी घरांत शेवळाची कणी मोठ्या कौतुकाने होते. त्या कौतुकात सुगरणीचं नाव असतं. जंगलात कुठल्या उतारावर, कोणत्या दिवसांत काय उगवतं, त्यातलं काय विषारी आणि काय नुसतं खाजरं, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या वाट्याला फार तर ‘पारंपरिक ज्ञान’ असं एक सरकारी लेबल येतं. त्यांना बुद्धिमान कोणी म्हणत नाही.

यंत्र खरोखर बुद्धिमान होईल का, हा वाद ऐकताना मला ही गोष्ट सारखी टोचते. यंत्राचं काय व्हायचं ते होवो. बुद्धी मोजायची आपली पट्टी कुठून आली?

अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९४८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी ‘इंटेलिजंट मशिनरी’ हा अहवाल लिहिला. तिथल्या संचालकांना तो शाळकरी निबंधासारखा वाटला आणि ट्युरिंगच्या हयातीत तो छापलाच गेला नाही. त्यात त्याने एक विलक्षण शक्यता मांडली होती. यंत्राला डोळे, कान, हातपाय द्यावेत आणि रानोमाळ भटकू द्यावं, म्हणजे ते आपलं आपण शिकेल. पण लगेच त्याने कबूल केलं की हे फार संथ आणि अव्यवहार्य, शिवाय एवढं करूनही अन्नासारख्या माणसाच्या कितीतरी गोष्टींशी त्या यंत्राचा संबंध येणारच नाही. म्हणून त्याने बिनदेहाच्या मेंदूला झेपतील अशी क्षेत्रं निवडली: बुद्धिबळासारखे खेळ, भाषा, भाषांतर, गूढलिपी, गणित. दोन वर्षांनी त्याने जी प्रसिद्ध परीक्षा सुचवली, तीही टंकलिखित प्रश्नोत्तरांचीच.

ही निवड सोयीची होती आणि ट्युरिंगने ती सोय लपवली नाही. आपण मात्र सोयीलाच व्याख्या करून टाकलं. अर्थात त्याला ट्युरिंग एकटा जबाबदार नाही. आपल्याकडे मेकॉलेच्या आधीपासून पाठांतर, लेखणी आणि कचेरी यांनाच हुशारी मानायची रीत होती. १९८८ मध्ये हान्स मोराव्हेक या रोबोटतज्ज्ञाने लिहिलं, की बुद्धिमापन चाचणीत यंत्राला प्रौढ माणसाच्या बरोबरीला आणणं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकं पाहणं आणि चालणं शिकवणं महाकठीण. पदवीच्या परीक्षा सोडवणारं यंत्र आज आपल्याला थक्क करतं ते त्यामुळेच. आपण ज्याला बुद्धी म्हणत आलो नेमकं तेच ते करतं.

यंत्राला नुसता पोपट म्हणून हिणवण्यातही अर्थ नाही. २०१६ मध्ये सोलला ‘अल्फागो’ या संगणकप्रणालीने गोपटू ली सेडोलविरुद्धच्या दुसऱ्या डावात सदतिसावी खेळी केली, ती पाहून गो या खेळातले जाणकार चक्रावले. प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’च्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. याला बुद्धी म्हणायचं नसेल, तर आपल्याही पुष्कळ कामांवरचा तो शिक्का काढावा लागेल.

यंत्राला कधी घसा खाजलेला नाही म्हणून त्याला शेवळं कळत नाहीत, हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण लंगडा. दादरला जुडी घेणाऱ्यांपैकी कितीजणांचा घसा खाजलाय? आपलंही बहुतेक ज्ञान ऐकीव असतं. फरक पडतो तो पुढे. पाटी घेऊन बसलेली बाई काकडं द्यायला विसरली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन तिला जाब विचारतं. तिच्या सांगण्याला तिची पत तारण असते. फोनमधल्या यंत्राने फोटोवरून भलतंच झाड ओळखलं तर घसा वापरणाऱ्याचा जातो, आणि यंत्र पुढच्या माणसालाही तितक्याच ठामपणे उत्तर देतं. महाराष्ट्राने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणलं, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद केली. चांगलंच आहे. पण शहापूरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरई घेणाऱ्याला मिळालेला सल्ला चुकला, तर भरपाई कोण देणार? यंत्राला बुद्धिमान म्हणण्यात एक मोठा धोका असा, की मग ते बनवणारी कंपनी आणि वापरणारं खातं दोघंही त्याच्या आड लपू शकतात.

रानातल्या ज्ञानाची आरती ओवाळणंही मला जमत नाही. पाटीवाल्या बाईलाच विचारा, मुलीने काय व्हावं. मुलगी आश्रमशाळेत शिकते, तिने नर्स व्हावं, तलाठी व्हावं, निदान कुठे ऑपरेटर तरी, असंच ती म्हणेल. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याकडे आहे ती बुद्धी नव्हे. खरी बुद्धी अर्ज, उतारे, टायपिंग आणि इंग्रजी यांत आहे. आता कुठे एखादं घर त्या पहिल्या पायरीपर्यंत पोचतंय, तर नेमकी हीच कामं यंत्राला सर्वांत स्वस्तात जमू लागली आहेत. शहरातल्या मध्यमवर्गाला नोकरीची धास्ती वाटते ती खरीच, पण त्याने या पायरीचं व्याज दोन-तीन पिढ्या खाल्लेलं आहे.

शिवाय यंत्र शिकतं लिखित मजकुरावर. कातकरी आणि ठाकरी बोलींत लिहिलेलं आहे किती? त्यामुळे त्या मुलीशी यंत्र बोलेल ते शाळेच्याच प्रमाण मराठीत, आणि तिच्या आजीला जे ठाऊक आहे ते एक तर त्याच्याकडे नसेल, किंवा कुणा अभ्यासकाच्या नोंदीतून आजीचं नाव गळून पोचलेलं असेल. तानसा, वैतरणा, भातसा या नद्या शहापूर तालुक्यात अडवल्या, पाणी मुंबईला गेलं, आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. माहितीचंही तसंच व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून गावागावांतल्या जैवविविधता नोंदवह्या यंत्राला शिकवण्यापूर्वी ग्रामसभेची परवानगी आणि मोबदला ठरायला हवा. आणि आश्रमशाळेत संगणकाचा तास होतो तिथे, यंत्राने दिलेलं उत्तर आजीकडून तपासून आणण्यालाही गुण असायला हवेत.