माळ्याचे कर्म आणि आरोग्याचे फळ

बागकामाने माणसाला बरे वाटते, हा जुना अनुभव आता रीतसर उपचारपद्धतीचा भाग झाला आहे. मानसिक आजार, पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश यांनी ग्रासलेल्या व्यक्तीकडून, प्रशिक्षित साहाय्यकाच्या देखरेखीखाली आणि ठरावीक उद्दिष्ट ठेवून, पेरणी-खुरपणीची कामे करवून घेणे याला उपचारात्मक बागकाम म्हणतात. तीच कामे अनेकांनी मिळून, एकमेकांच्या सहवासासाठी केली की ते सामाजिक बागकाम ठरते. या पद्धतीच्या मुळाशी एक तात्त्विक अडचण आहे. आपले आरोग्य हे फळ डोळ्यांपुढे ठेवून केलेले काम हे सकाम कर्मच होय. मग ज्या चिंतेने मन आजारी पडले, तीच स्वतःविषयीची चिंता अशा कामात दुसऱ्या वाटेने शिरत नाही काय?

गीतेतील निष्काम कर्म म्हणजे फळाबद्दलची बेफिकिरी नव्हे. वांग्याला कीड लागली तरी ज्याला काही वाटत नाही, तो माळी निष्काम नसून आळशी आहे. काम मनापासून आणि कौशल्याने करावे, पण त्याच्या यशापयशावर स्वतःची किंमत ठरवू नये, असा तो विचार आहे. आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वाट्याला आलेले काम हीच ईश्वराची पूजा मानून त्याला भक्तीचे रूप दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी (१२५०–१२९५) हे या विचाराचे जिवंत उदाहरण होते. पंढरपूर जवळ असूनही त्यांनी मळा सोडून वारी केली नाही, अशी परंपरा सांगते, आणि आजही त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी विठ्ठलाची पालखीच पंढरपुराहून अरणला जाते. सावतोबांनी मन:शांतीसाठी मळा केला नाही. पिकाला पाणी हवे होते म्हणून पाणी दिले, आणि त्या देण्यातच त्यांना विठ्ठल भेटला. उपचारात्मक बागकामाचे मर्म येथेच असावे. रोपाला माळ्याच्या दु:खाची दखल घेता येत नाही. त्याला वेळेवर पाणी लागते, आणि ते देताना माणसाचे लक्ष काही काळ स्वतःवरून उठते.

मात्र श्रमाचे हे गुणगान सावधपणे ऐकले पाहिजे. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या वतीने मनोरुग्णांसाठी आश्रयगृह उघडले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो, या पंथाच्या श्रद्धेला धरून तेथे रुग्णांना साखळदंडांऐवजी मोकळी हवा, बागेतील काम आणि अंगणात पाळलेल्या सशा-कोंबड्यांची सोबत मिळाली. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात यावर असा आक्षेप घेतला की, बाहेरच्या बेड्या काढून रुग्णाच्या मनात अपराधाची आणि आत्मनियंत्रणाची बेडी घातली गेली. हा आक्षेप ट्यूक यांच्या करुणेला पुरता न्याय देत नाही. पण ज्याला नकार देण्याची मुभा नाही, त्याच्या हाती दिलेले खुरपे औषध राहत नाही, ती वेठ होते, एवढे त्यातून घेतलेच पाहिजे.

श्रम औषध कधी ठरतो, या प्रश्नाला आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वस्तीचा इतिहास आणखी खोल नेतो. समाजसेवक बाबा आमटे यांनी १९५० च्या सुमारास वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर मूठभर कुष्ठरुग्णांसह वस्ती उभारायला घेतली, विहीर खणली आणि भाजीपाला पिकवला. रोगजंतूंवरचा उपाय औषध हाच होता. मातीने कुष्ठरोग बरा होतो असे कोणी मानू नये. उलट माती येथे घातकही ठरू शकते, कारण या रोगात मज्जातंतू निकामी होऊन हाताची संवेदना जाते, खुरप्याच्या मुठीने तळव्याला फोड आला तरी कळत नाही, आणि दुर्लक्षित जखम चिघळून बोटे गमावण्याची वेळ येते. म्हणून अशा रुग्णाच्या अवजाराची मूठ जाड, मऊ करावी लागते आणि काम संपल्यावर हात रोज निरखावे लागतात. येथे स्वतःला विसरून काम करणे हा गुणच धोक्याचा ठरतो. त्याने देहभान हरपून काम करावे आणि त्याचे हात शेजारच्याने पाहावेत, हाच यावरचा मार्ग दिसतो. म्हणजे सामाजिकता ही या उपचाराला जोडलेली शोभा नाही, तिच्यावाचून निष्काम श्रम या देहाला परवडतच नाही.

फळाचा प्रश्न तरीही उरतो. आनंदवनात भाजी भरपूर येऊ लागली तेव्हा संसर्गाच्या भीतीने ती विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. १९५४ मध्ये देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे राहून रुग्णांबरोबर बांधकामाला लागले, तेथलेच अन्न जेवू लागले, आणि हे पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती हळूहळू ओसरली. फळाची आसक्ती सोडणे हे करणाऱ्याचे व्रत आहे, पण ते फळ नाकारण्याचा अधिकार त्यामुळे समाजाला मिळत नाही. ज्याने पिकवलेले कोणी खात नाही, त्याला निष्कामतेचा उपदेश करणे क्रूर आहे. आणि आजच्या उपचार-बागांनी रुग्णाची मन:स्थिती मोजताना त्याची भाजी कोणाच्या घरी शिजते, हेही तितक्याच आस्थेने विचारायला हवे.