दुसऱ्या दिवशीची दया

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपल्याला बालपणापासून पाठ आहे. रस्त्यावर अर्धमेला पडलेला वाटसरू, पाहून न पाहिल्यासारखे करणारे याजक व लेवी आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा परका मनुष्य, एवढे चित्र आपल्या मनात ठसलेले असते. संत लूकच्या शुभवर्तमानातील हा दृष्टांत मात्र तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो, रुग्णाची काळजी घ्यावयास सांगतो आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वाटेवर फेडीन, असा शब्द देतो. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दृष्टांतावरून दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे आपण जाणतो. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी आणि पुन्हा येण्याचे वचन दिले. या दुसऱ्या दिवसाविषयी आम्हांला येथे विचार करावयाचा आहे.

खेड्यापाड्यांतील गरिबांचे आजार म्हटले की हिवताप, हगवण, क्षय हेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. रक्तदाब व मधुमेह ही श्रीमंतांची दुखणी, अशी समजूत अजूनही आढळते. वस्तुतः ती केव्हाच पाड्यांवर पोहोचली आहेत. सिकलसेलसारखा आजार तर अनेक आदिवासी कुटुंबांत जन्माबरोबरच येतो. असे आजार एका इंजेक्शनाने जात नाहीत. त्यांना आयुष्यभर सांभाळावे लागते.

आपल्या धर्मग्रामांतून व संस्थांतून जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत आरोग्य शिबिरे भरतात. डॉक्टर मंडळी आपला रविवार विनामूल्य देतात. ही सेवा स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु समजा, अशा शिबिरात एका स्त्रीचा रक्तदाब फार वाढलेला आढळला. तिला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी खाण्यास व दवाखान्यात नियमित जाण्यास सांगितले आणि संध्याकाळी गाडी परतली. अकराव्या दिवशी काय? एखाद्याला त्याच्या आजाराचे नाव सांगितल्यावर आपण त्याचे काही देणे लागतो की नाही?

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते; काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. दुसरे असे की, औषध सरकार फुकट देते. ती गेली नाही तर दोष तिचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य झाले आहेत, हे खरेच आहे.

दुसऱ्या उत्तराचा विचार आधी करू. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले आहे की, कृती जितकी स्वेच्छेची तितकाच तिचा दोष कर्त्याकडे जातो. मग त्या स्त्रीच्या हाती काय होते? आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे; परंतु पाडे डोंगरांवर विखुरलेले असतात. गोळी फुकट असली तरी ती आणण्यासाठी बुडालेला खाडा फुकट नसतो, आणि तो दर महिन्याला पडतो. शिवाय हा रोग मुका आहे. ताप माणसाला दवाखान्यात ओढून नेतो; रक्तदाब बहुधा दुखत नाही, आणि मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. आपण ज्याला हलगर्जीपणा म्हणतो तो बहुतेक वेळा अंतराचा आणि पोटाचा प्रश्न असतो.

त्यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर त्या भागातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ती भिवंडीला जातात, तशी आपल्या वसईतही येतात. तिचा कागद मोखाड्याच्या उपकेंद्रात राहतो आणि ती मात्र आपल्याच धर्मग्रामाच्या हद्दीत विटा वाहत असते. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेतील कलम ५२९ धर्मगुरूला गरीब, पीडित, एकाकी व मुलखापासून दुरावलेल्यांचा शोध घेण्यास सांगते. ती आपल्या धर्माची आहे की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. जखमी वाटसरूचा धर्मही शोमरोन्याने विचारला नव्हता.

आता पहिले उत्तर. दुसऱ्या दिवसाची सेवा खरोखर अशक्य आहे काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे निवडले गेले. त्याची रीत साधी आहे: उपचाराचा एक ठरलेला क्रम, महिनाभराच्या गोळ्या एकदम, त्याही घराजवळच्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याची विचारपूस. यात महागडे यंत्र कोठेच नाही. कोण आला नाही, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, एवढेच.

शोमरोन्याने स्वतःची उतारशाळा बांधली नाही. होती तिच्यावर भरवसा ठेवला आणि तिला आपला शब्द दिला. आज उपकेंद्र ही ती उतारशाळा आहे. तेथील परिचारिका व पाड्यावरची आशाताई यांच्याकडे रुग्णांची नावे सोपवावीत, पहिल्या खेपेस रुग्णाबरोबर जावे, गोळ्या संपल्या असतील तर पंचायतीत व जिल्हा परिषदेत विचारणा करावी आणि स्थलांतरापूर्वी अधिक दिवसांच्या गोळ्या मिळतात का, ते पाहावे. १८३३ पासून गरिबांच्या घरी जाणे हेच ज्यांचे व्रत आहे, त्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी महिन्यातून एकदा भट्टीवर फेरी मारली, तर तुटलेला धागा जोडला जाईल.

याची किंमत मोजावी लागेल, हे आम्ही लपवीत नाही. बारा पाड्यांवर एकेकदा जाण्याऐवजी एकाच पाड्यावर बारा महिने जावे लागेल आणि उरलेले अकरा पाडे मनाला टोचत राहतील. वार्षिक अहवालात शेकडो रुग्ण तपासल्याचा मोठा आकडा येणार नाही. वर्षानंतरही गोळ्या चालू असलेल्या मोजक्या माणसांची नावे येतील. तरीही आम्हांला तोच मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण अर्धवट सोडलेल्या उपचारातून रुग्णाच्या हाती भीतीखेरीज फारसे काही उरत नाही.

शोमरोनी परत आला की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. उतारशाळेच्या मालकाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असावा. गाडी पाड्यावरून निघताना आपणही पुन्हा येण्याचा शब्द देतो. तो कोणत्या तारखेचा, एवढे त्या स्त्रीला सांगूनच आपण गाडीत बसावे.