हयगयीचा धनी कोण?

एखाद्याने दुसऱ्याच्या ताटातील भाकर ओढून घेतली तर तो अपराधी आहे, हे ठरविण्यास गावात पंच बोलवावे लागत नाहीत. परंतु दुखणाईत मनुष्याच्या खाटेपाशी भाकर पोहोचलीच नाही, आणि चौकशी करू गेले असता जो तो म्हणू लागला की ते माझे काम नव्हते, तर अपराध कोणाच्या माथी मारावा? ओढून घेणारा हात सर्वांस दिसतो. जो हात पुढे झालाच नाही तो कोणासही दिसत नाही. हयगय ह्या पापाची हीच मोठी अडचण आहे. तिचे फळ डोळ्यांपुढे असते, पण तिचा धनी सापडत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या वाचकांस हा प्रश्न केवळ विचाराचा नाही. सेनगाव किंवा औंढ्याकडील खेड्यात एखाद्या बाईची प्रसूती अडली, अथवा तान्हे मूल निपचित पडले, म्हणजे पुष्कळदा आधी तालुका, मग हिंगोली, आणि तेथून नांदेड असा प्रवास घडतो. शंभराहून अधिक किलोमीटरच्या ह्या वाटेवर दर ठिकाणी एक चिठ्ठी मिळते, आणि दर चिठ्ठीगणिक रोगी अधिक थकत जातो. ह्या वाटेचा शेवट जेथे होतो त्या नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ सालच्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत चोवीस रोगी मरण पावले. त्यांत बारा नवजात बालके होती. पुढच्या दिवसाचे मिळून हा आकडा एकतीसवर गेला. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातूनही अशीच वार्ता आली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ठाण्याजवळील कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात अठरा जण दगावले होते.

नांदेडच्या मृत्यूंनंतर जी उत्तरे ऐकू आली ती वाचकांनी ध्यानात घ्यावीत. रुग्णालयाकडून सांगण्यात आले की रोगी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व अत्यवस्थ स्थितीत आले, खाटांपेक्षा रोगी फार, माणसे कमी. औषधांची खरेदी ज्या मार्गाने व्हावयाची तो मार्ग अडला होता, असेही बोलले गेले. सरकार म्हणाले, औषधांचा तुटवडा नव्हता. त्या वेळचे हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील तेथे गेले, आणि त्यांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचकूप साफ करविला; त्याची चित्रफीत देशभर फिरली, आणि पाटील यांच्यावर गुन्हाही नोंदविला गेला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले, व खाटा, माणसे आणि औषधे अपुरी होती हे कारण ऐकून घेण्याजोगे नाही असे बजावले.

झाडूच्या त्या प्रसंगाविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. मेलेल्या बालकांच्या आईबापांचा संताप पाहून पुष्कळांस ते कृत्य गोड वाटले असेल. परंतु एका मनुष्यास सर्वांदेखत खाली मान घालावयास लावल्याने कोणत्या खाटेवर औषध पोहोचले? लाजविणे निराळे आणि जाब विचारणे निराळे. जाब विचारणारा उत्तर ऐकून घेतो, आणि त्या उत्तराच्या मागे मागे वरपर्यंत जातो. लाजविणाऱ्याचे काम चित्र निघताच संपते. शिवाय ज्या कामास आपल्या समाजाने शेकडो वर्षे काही जातींच्या गळ्यात बांधले, तेच काम शिक्षा म्हणून द्यावे, ह्यातील अर्थ खेड्यापाड्यांतील आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

तर मग अपराध वाटून घ्यावा काय? पुष्कळांच्या मनात असा हिशेब असतो की दोष दहा जणांत वाटला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास दहावा हिस्सा येतो, आणि शंभरांत वाटला तर चिमूटभर. आमच्या मते हा हिशेब खोटा आहे. दोष म्हणजे भाकर नव्हे, की वाटली असता कमी व्हावी. ज्याच्या हाती जे होते आणि त्याने केले नाही, त्याबद्दल तो पुरता जबाबदार. शेजाऱ्याचा दोष निघाल्याने त्याचा कमी होत नाही. मात्र सर्वांच्या हाती सारखेच होते असेही नाही. पन्नास रोग्यांमागे रात्रभर एकटी धावणारी परिचारिका एकावन्नाव्याकडे पोहोचली नाही तर तिला दोष देणे हा अन्याय आहे. ज्याने ते पद रिकामे ठेवले, ज्याच्या मेजावर खरेदीचा कागद महिनोन् महिने पडून राहिला, त्याचा हात रोग्यापासून दूर असला तरी दोष जवळचा आहे. आणि परिचारिकेचेही एक कर्तव्य उरतेच: हे काम एका माणसाच्याने होण्याजोगे नाही, असे तिने वरिष्ठांस स्पष्ट कळविणे. ते कळविणाऱ्यांस आपल्याकडे काय बक्षीस मिळते हे आम्ही जाणून आहो.

पैसा आला म्हणजे हयगय जाते, अशीही एक समजूत आहे. इंग्लंड देश काही दरिद्री नाही. तेथील स्टॅफर्ड शहराच्या सरकारी रुग्णालयात २००५ ते २००९ ह्या काळात रोग्यांची जी दुर्दशा झाली तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस ह्या कायदेपंडितांनी केली. रोग्यांपुढे अन्नपाणी हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून लोक निघून जात आणि पुढे भरलेले ताट तसेच उचलले जाई, असे त्यांस आढळले. व्यवस्थापक खर्च कमी करून वरची मान्यता मिळविण्याच्या नादात होते, परिचारिका कमी केल्या होत्या, आणि कागदावर सर्व ठीक होते. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी २९० शिफारशी केल्या.

अन्नाचा विषय आम्ही मुद्दाम काढला. औषध न मिळाल्याची तक्रार लोक करितात, जेवण न मिळाल्याची करीत नाहीत. जेवण हे उपचारात मोजलेच जात नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले त्यात रोग्याच्या जेवणास स्वतंत्र प्रकरणे दिली, आणि भरल्या घरातही हजारो रोगी उपाशी राहतात, कारण त्यांच्या पोटात अन्न कसे जाईल ह्याकडे कोणी पाहत नाही, असे बजावले. पुढे १९७४ साली अमेरिकेतील डॉ. बटरवर्थ ह्यांनी तेथील मोठमोठ्या रुग्णालयांत रोगी कुपोषित होत असल्याचे दाखविले. वजन नोंदले जात नाही, तपासणीसाठी एकामागून एक जेवणे चुकतात, नुसत्या साखरमिठाच्या बाटलीवर दिवस काढविले जातात, अशी कारणे त्यांनी दिली. त्या यादीत आणखी एक कारण आहे: जबाबदारी इतक्यांत विखुरते की कोणाचीच राहत नाही.

आणि उपाशी रोगी भांडत कां नाही? १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे छत्तीस निरोगी तरुणांनी आपण होऊन सुमारे सहा महिने अर्धपोटी राहण्याचे कबूल केले. ते विवेकबुद्धीस्तव युद्धात शस्त्र न धरणारे होते. त्यांतील बरेच शांतिवादी ख्रिस्ती मंडळ्यांचे सभासद होते. भुकेने त्यांचे अंगच नव्हे तर मनही खंगले. ते उदास, चिडखोर झाले, आणि कशातही त्यांस रस राहिला नाही. ज्यास आपण समजूतदार, मुकाट रोगी म्हणतो तो कित्येकदा केवळ उपाशी असतो.

येथे कोणी म्हणेल, सरकारी दवाखाना धर्माचा. धर्माच्या गायीचे दात कशास मोजावे? हे बोलणे आम्ही आमच्याच लोकांच्या तोंडून ऐकतो, आणि ते आम्हांस सर्वांत अधिक टोचते. २०२५ च्या जानेवारीत कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर येथील ग्रामीण रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर चाळीसहून अधिक स्त्रियांस थंडीच्या दिवसांत जमिनीवर निजविण्यात आले. त्या भीक मागावयास गेल्या नव्हत्या. मजुरीच्या पैशांतून साबणाची वडी घेणारी बाईदेखील कर भरते, आणि त्या करातूनच दवाखान्याची भिंत उभी राहते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगालमधील हकीम शेख ह्यांच्या प्रकरणात, आगगाडीतून पडून जबर जखमी झालेल्या मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले हे त्याच्या जीविताच्या हक्काचे उल्लंघन होय, असा निकाल दिला. लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ४७ व्या कलमातच आहे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आमचे उपदेशक वर्षातून एकदा तरी बोलतात. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, येथे उपदेश संपतो. उतारशाळेच्या रक्षकाकडे कोणी पाहत नाही. त्या जखमी मनुष्याची पुढची सारी शुश्रूषा त्याच्याच हाती होती. दुसऱ्याने दिलेली दोन नाणी घेऊन, देणारा निघून गेल्यावर, कोणी पाहत नसता त्याने त्या परक्याची काळजी घ्यावयाची होती. सरकारी रुग्णालय ही तीच उतारशाळा आहे, आणि नाणी आपण सर्वांनी ठेविली आहेत. दया वाटेवर एकदाच दाखवावी लागते. उतारशाळेत ती रोज, ठरल्या वेळी, वाटीने मोजून द्यावी लागते. हे काम पहिल्याहून सोपे आहे असे आम्हांस वाटत नाही.

असो. ज्या रोग्यास नातलग आहेत त्याची भाकर घरून येते. ज्याचे कोणी नाही, अथवा ज्याची माणसे मजुरी बुडवून थांबू शकत नाहीत, त्याच्या ताटात काय पडले हे पाहण्यास तरी उपदेशक व मंडळीतील शिकलेले तरुण जाऊ शकतात. जाताना थोडी माहिती बरोबर असावी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात सरळ बाळंतीण झालेल्या स्त्रीस तीन दिवस, व पोट फाडून प्रसूती झाली असता सात दिवस, फुकट जेवण मिळावयाचे आहे. क्षयरोग्यास औषध चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा रक्कम मिळते; ती पाचशे होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून एक हजार रुपये झाली. ती थोडकी म्हणून सोडू नये. झारखंडात २०१९ ते २०२२ ह्या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबांस शिधा देऊन पाहिला असता घरातील इतरांस तो रोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

ही रक्कम बँकेच्या खात्यात येते. खाते नसेल किंवा नाव जुळत नसेल तर ती अडून राहते, आणि रोग्यास वाटते की आपले नावच यादीत नाही. अशा घरी अर्धा तास बसून कागद पाहावेत, आणि रोग्याचे वजन दर महिन्यास कार्डावर लिहिले जाते की नाही हेही पाहावे.