खाडीकाठच्या स्मृतीचे माप

मेंदूचे निरोगी वार्धक्य, म्हणजे वय वाढले तरी स्मरण, आकलन आणि निर्णयशक्ती रोजच्या व्यवहाराला पुरेल इतकी शाबूत राहणे, हा विषय घेऊन सार्वजनिक आरोग्याचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी पेण तालुक्यातील वडखळ परिसरात अभ्यासाला आला, तर त्याला आधी रोग नव्हे, माप अडते. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर रूढ झालेली बोधक्षमतेची चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला, वाक्य लिहायला आणि आकृती उतरवायला सांगते. ज्या बाईची हयात भातलावणीत गेली आणि जिच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आलीच नाही, ती या परीक्षेत मागे पडते, पण तेवढ्यावरून तिला स्मृतिभ्रंश जडला असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदीत बेतलेल्या चाचणीने ही उणीव ओळखून लेखन-वाचनाची अट काढून टाकली.

खाडीकाठी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब तोंडी करणाऱ्या वृद्धाला इंग्रजी तारीख सांगता आली नाही, तर त्यात काळजीचे काही नाही. परंतु जन्मभर जमलेला हाच हिशेब चुकू लागला, तर ती खूण गंभीर मानली पाहिजे, कारण स्मृतिभ्रंश म्हणजे माणसाची स्वतःच्याच पूर्वीच्या क्षमतेच्या तुलनेत, व्यवहार अडण्याइतकी झालेली घसरण होय, आणि ती घरच्या सुनेला चाचणीच्या आधी दिसते.

भारतातील साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, आणि त्याचे प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय अंदाज आहे. शिक्षणाने मेंदूला हानी सोसण्याची जी राखीव ताकद मिळते, ती या स्त्रियांना मिळू दिली गेली नाही, हे त्यामागचे एक कारण आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने बालपणीच्या अपुऱ्या शिक्षणासह चौदा टाळता येण्याजोगी कारणे मांडली, त्यांत बहिरेपणा, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, डोक्याला मार आणि दूषित हवा आहे. मुंबई-गोवा महामार्गाला जेथे अलिबागचा रस्ता फुटतो, त्या वडखळ नाक्यावर यांतली शेवटची दोन कारणे पुस्तकात शोधावी लागत नाहीत. म्हणून या विद्यार्थ्याने प्रश्नावलीबरोबर रक्तदाब मोजण्याचे यंत्रही घरोघरी न्यावे, कान आणि डोळे तपासण्याची सोय करावी, आणि ऐकू न आल्यामुळे चुकलेले उत्तर विसरण्याच्या खात्यावर मांडू नये.