उसना फेणे, उसनी सीता

नववीत असताना मी फास्टर फेणेला यवतमाळ जिल्ह्यात आणलं. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी गोष्ट हवी होती आणि स्वतःचं पात्र उभं कसं करतात, हे मला माहीत नव्हतं. फेणे मात्र तयार होता. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, अंगाने काडी, सायकलवर बसला की कुणाला न ऐकणारा आणि डोक्यात काही चमकलं की 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांनी सगळं करून ठेवलं होतं. मी त्याला फक्त एस.टी.त बसवलं.

अशा लिहिण्याला फॅनफिक्शन म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा आम्ही त्याला 'फाफेची नवीन गोष्ट' म्हणायचो.

ते साल होतं 2005. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज एकाच कारणासाठी येत होतं. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांनी आत्महत्या केली. कापूस, कर्ज, दुबार पेरणी. पेपरवाल्यांनी सगळ्यांच्या घरी लिहिलं तेच त्यांच्याही घरी लिहिलं. मी काहीतरी वेगळं लिहायचं ठरवलं. माझ्या गोष्टीत फेणेला एका बोगस बियाणेवाल्याचा सुगावा लागतो, तो रात्रभर सायकल हाणत गावात पोचतो, पहाटे शेतात जाऊन मित्राच्या बापाचा हात धरतो. बियाणेवाला पकडला जातो. बाप मुलाला मिठी मारतो. सरांनी ही गोष्ट वर्गात वाचून दाखवली आणि शेवटी त्यांचा आवाज जड झाला. मला फार भारी वाटलं.

मधल्या सुट्टीत मित्राने अंक मागून घेतला, मागच्या बाकावर बसून सगळी गोष्ट पुन्हा वाचली आणि परत देताना म्हणाला, "मंग त्या दिवशी काऊन नाई आला बे तुया फेणे?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याने खरंच विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो वेगळ्या बाकावर बसायला लागला.

उसनं पात्र घेऊन लिहिण्यात चूक काय, असं कुणी विचारलं की मला हा बाक आठवतो. कायदा मागून आठवतो. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. भागवत 2001 साली गेले, म्हणजे फेणे 2061 संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा. शाळेच्या एकुलत्या एक हस्तलिखित प्रतीवर कुणी दावा लावणार नव्हतं, आणि भागवतांना ती दाखवता आली असती तर ते हसले असते असं मला वाटतं. ज्याने ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्याला उसनवारीचं वावडं नसणार. मालकीचा प्रश्न मला तितकासा अवघड वाटत नाही. पैसे कमावू नका, नाव लपवू नका, मूळ लेखक कोण ते सांगा. एवढं पाळलं तर बहुतेक भांडणं मिटतात.

अवघड गोष्ट दुसरी आहे. पात्र एकटं येत नाही, आपलं जग घेऊन येतं. फेणेच्या जगात धोका कितीही मोठा असो, शेवटच्या पानापर्यंत तो टळतो. भागवतांनी लहान वाचकाला दिलेला तो शब्द आहे आणि त्यांच्या पुस्तकांत तो खरा आहे. मी तो शब्द उचलून अशा घरात नेला, जिथे तो आधीच मोडलेला होता. वर वाचकांना फेणेबद्दल जे प्रेम होतं, ते भागवतांनी कमावलेलं. मी ते फुकटात खर्च केलं. सरांचा आवाज जड झाला तो माझ्या लिहिण्याने किती आणि फेणेच्या पुण्याईने किती, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. आणि मी उसनी घेतलेली पात्रं दोन होती. दुसरं म्हणजे मित्राचे वडील. त्यांच्यासाठी मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तरीही, म्हणून असं लिहूच नये, हे मला पटत नाही. तसं म्हटलं तर आपल्या साहित्यात उरेल काय? 1967 या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली आणि दोघांनी कर्ण व्यासांकडूनच घेतलेला. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये त्याला जीव ओतून नायक केलं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्याच्याकडे थंड डोक्याने पाहिलं. मला स्वतःला कर्व्यांचा कर्ण जवळचा वाटतो, पण कॉलेजात ज्याच्यासाठी रडलो तो सावंतांचा. दोघांपैकी एकालाही 'हात लावू नका' म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि माझ्या गोष्टीसारखी, म्हणजे शेवट दुरुस्त करणारी, उसनवारी तर विदर्भात फार जुनी. भवभूतीने आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगितलं आहे. त्याच्यापुढे रामायणाचा शेवट होता: सीता धरणीत जाते, राम मागे राहतो. 'उत्तररामचरिता'त त्याने तो बदलला. नाटकातच एक नाटक रचलं, रामाला प्रेक्षक म्हणून बसवलं आणि शेवटी सीता परत मिळवून दिली. जे लोक तिला नावं ठेवत होते तेच तिला वंदन करतात. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस, आणि माझ्यासारखंच त्यालाही ते दुःख तसं सोडून देता आलं नाही. (तुलना इथेच थांबवतो. तो भवभूती होता.) पण त्याचं नाटक वाचताना कुणी 'मग तेव्हा का नाही' असं विचारत नाही, कारण मिळवून देण्याआधी तो रामाला इतका रडवतो की शेवट फुकटात आल्यासारखा वाटत नाही. माझ्या फेणेने घाम गाळला तो फक्त सायकलवर.

पण मला खरं शिकवलं ते राळेगावजवळच्या रावेरीने. तिथे सीतेचं मंदिर आहे. एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. जवळच मारुती आहे, लव-कुशांनी बांधून घातलेला, असं सांगतात. शरद जोशींनी या मंदिराचा जीर्णोद्धार करवला आणि टाकलेल्या बायकांचं दैवत म्हणून या सीतेकडे पाहिलं. गावातली कथा अशी: रामाने सोडल्यावर सीता इथे आली. पोरांसाठी तिने दारोदार मूठभर गहू मागितला. कुणी दिला नाही. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुष्कळ वर्षं पिकलाही नाही, असं लोक सांगतात.

वाल्मीकींच्या कथेत असलं काही नाही. तिथे तिला लगेच आश्रमात आसरा मिळतो. म्हणजे रावेरीकरांनी सीता उसनी घेतली आणि मूळ कथेत नसलेला प्रसंग तिच्या वाट्याला घातला. पण त्यात स्वतःला त्यांनी कुठे बसवलं, ते बघा. उसनं पात्र घेणारा सहसा स्वतःला नायकाचा जिवलग तरी करतो किंवा त्याला वाचवणारा तरी. रावेरीने सांगितलं, ती आमच्या दारात आली आणि आम्ही नाही म्हणालो. रामाला दोष देणं सोपं होतं. त्या कथेत राम दूर अयोध्येत आहे. दाराशी आपण आहोत.

मी मंदिराच्या पायरीवर ही गोष्ट ऐकली तेव्हा तिशी उलटली होती, आणि मला आमचं दुकान आठवलं.

माझ्या वडिलांचं कृषी केंद्र होतं. बी-बियाणं, खत, औषधं. त्या वर्षी मित्राचे वडील दुबार पेरणीच्या वेळी उधारी मागायला आले होते आणि वडिलांनी आधीची बाकी दाखवून नाही म्हटलं होतं. मी काउंटरच्या मागे बसून गृहपाठ करत होतो. त्या एका नकाराने पुढचं घडलं, असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर सोसायटीचं कर्ज होतं, सावकाराचं होतं, आणि वडिलांच्या डोक्यावरही डीलरची बाकी होती. पण माझ्या गोष्टीतला बियाणेवाला दुसऱ्या तालुक्यातला होता, बोगस होता आणि त्याला मिशा होत्या. आमच्या दुकानाचा त्या गोष्टीत उल्लेख नाही. फेणेला मी इतक्या लांबून का बोलावलं, ते मला त्या पायरीवर कळलं.

मित्र त्या दिवशी दुकानात वडिलांबरोबर आला होता की नाही, हे मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

गोष्ट पुन्हा लिहायला घेतली आहे. यात फेणे पोचतो, पण उशिरा, आणि 'ट्टॉक' करत नाही. त्याला ठेवावं की काढून टाकावं, यावर रोज मन बदलतं. तो नसला तर मला दुकानाबद्दल विचारणारं त्या गोष्टीत कुणी उरत नाही. काउंटरचा प्रसंग तेवढा लिहून झाला आहे. मित्र आता वर्ध्याला असतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. या वेळी छापायच्या आधी त्याला विचारायचं, एवढं नक्की. तो नाही म्हणाला तर वही तशीच राहील.