सतीर्थ्यांची वार्ता



महाविद्यालय सोडून तीस-पस्तीस वर्षे झालेल्या मंडळींचे मेळावे अलीकडे गावोगावी भरू लागले आहेत. मोबाईल आल्यापासून हे काम सोपे झाले. एकाला दुसऱ्याचा नंबर मिळतो, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा, आणि पाहता पाहता साठ-सत्तर जणांचा ग्रुप तयार होतो. मग एखाद्या रविवारी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर अशा ठिकाणी कार्यालय ठरते. हैदराबादहून, बडोद्याहून, इंदूरहून मंडळी येतात. हयात असलेल्या प्राध्यापकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते, जेवणे होतात आणि प्रत्येकाच्या हाती एक परिचय-पुस्तिका पडते. तीत नाव, हुद्दा, मुले काय करतात, पत्ता आणि फोटो.

यात वावगे काही नाही. दुरावलेली माणसे भेटतात ही आनंदाचीच गोष्ट. परंतु अशा मेळाव्याहून परतलेले भक्त मठात येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर आणखीही काही दिसते. "अप्पाजी, अमका मोठा अधिकारी होऊन निवृत्त झाला. तमक्याचा पुण्यात कारखाना आहे. आम्ही आपले हायस्कुलातच राहिलो." आदल्या शनिवारपर्यंत हा गृहस्थ समाधानी होता. त्याचे घर तेच, पेन्शन तेवढीच, मुलेबाळे सुखरूप. मग सोमवारी त्याचे काय कमी झाले? कोणी काही नेले नाही, तरी काही हरवल्यासारखे वाटते. हे हरवले ते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एखाद्या उद्योगपतीची संपत्ती वर्तमानपत्रात वाचून आपली झोप उडत नाही. शेजाऱ्याने मोटार घेतली तर थोडे लागते, पण आठ दिवसांत विसरते. वर्गमित्राची बातमी मात्र आत जाऊन बसते. याचे कारण उघड आहे. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, एकच पुस्तक, एकच परीक्षा, मेसमधली भाजीही तीच; मग त्याचे तसे आणि माझे असे का, हा प्रश्न न्यायाच्या थाटात उभा राहतो. त्याला मत्सर म्हणावे तर मन मान्य करीत नाही. आपण फक्त हिशोब विचारतो आहोत असे वाटते.

पण हा हिशोब मुळातच चुकीचा मांडलेला असतो. बाक एक होता, बाकावर येऊन बसण्याची वाट एक नव्हती. एकाच्या घरी वडील वकील, दुसऱ्याच्या घरी रॉकेलच्या चिमणीखाली अभ्यास. धारवाडचा मुरुघामठ, बेळगावचा नागनूर रुद्राक्षीमठ, तुमकूरचा सिद्धगंगा मठ यांनी चालवलेल्या मोफत प्रसादनिलयांत राहून शिकलेल्यांची संख्या आपल्या समाजात आणि समाजाबाहेरही थोडीथोडकी नाही. त्यांच्या ताटातली ज्वारी कोणत्या खेड्यातल्या कोणत्या शेतकऱ्याने दासोहासाठी घातली, हे त्यांनाही ठाऊक नाही. पुढे त्यांच्यातला कोणी इंजिनिअर झाला तर पुस्तिकेत इंजिनिअर एवढेच छापले जाते. त्या ज्वारीला तेथे रकाना नाही.

संस्कृतात वर्गमित्राला 'सतीर्थ्य' असा सुंदर शब्द आहे. पाणिनीच्या काळीही तो होता. येथे तीर्थ म्हणजे गुरू. एकाच गुरूपाशी जे राहिले ते सतीर्थ्य. एकाच घाटावर पाणी प्यायलेली माणसे म्हणा ना. या शब्दात कोण किती पुढे गेला याचा पत्ताच नाही. सर्वांना कोठून मिळाले एवढेच त्यात आहे.

शब्द चांगला असला म्हणून माणसे चांगली वागतात असे नाही. पुराणे आणि इतिहासग्रंथ शरणांनी जसेच्या तसे प्रमाण मानले नाहीत, तरी माणसाच्या मनाचा नमुना म्हणून महाभारतातले द्रोण आणि द्रुपद पाहावेत. दोघे भरद्वाजांच्या आश्रमातले सतीर्थ्य. राज्य मिळाल्यावर ते तुझेही असेल, असे द्रुपद लहानपणी म्हणून गेला. पुढे तो पांचालांचा राजा झाला आणि द्रोणांच्या घरी मुलाला दूध मिळेना. इतर मुलांनी पिठाचे पाणी दूध म्हणून अश्वत्थाम्याला पाजले आणि तो आनंदाने नाचू लागला, हे पाहून बापाच्या काळजाला घर पडले. द्रोण मित्राकडे गेले. राजाची आणि दरिद्र्याची मैत्री कसली, मैत्री बरोबरीच्यांत होते, असे द्रुपदाने सुनावले.

आपण येथे द्रुपदाला दोष देतो, आणि तो त्याचा आहेच. पण पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. द्रोणांनी कौरव-पांडवांना शिकवले, गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवले, त्याचे अर्धे राज्य स्वतःकडे ठेवले, आणि मग म्हणाले की आता आपण बरोबरीचे झालो, आता मैत्री असू दे. म्हणजे ज्या मापाने द्रुपदाने त्यांना हिणवले, तेच माप द्रोणांनी खरे धरले. राज्य असेल तरच मित्र, हे दोघांनाही पटलेले होते! त्यातून द्रुपदाने द्रोणवधासाठी यज्ञ केला, धृष्टद्युम्न जन्मला, आणि शेवट कुरुक्षेत्रावर झाला. मेळाव्याहून खिन्न होऊन परतलेला गृहस्थ कोणाचे वाईट चिंतीत नाही. तरीही कारखानदाराचे माप त्याने मुकाट्याने मान्य केलेले असते. त्याचे हरवले ते हे. तीस वर्षे तो ज्या मापाने जगला आणि समाधानी राहिला, ते माप त्याने एका दुपारी कार्यालयाच्या मंडपात टाकून दिले.

कोणी म्हणेल, कृष्ण-सुदाम्याचे उदाहरण का घेत नाही? सांदीपनींचा आश्रम उज्जैनचा, इंदूरच्या वाचकांना तर जवळचा. कृष्णाने पोहे खाल्ले हे खरेच गोड आहे. परंतु कीर्तनात श्रोते सर्वांत जास्त खुलतात ते सुदाम्याच्या झोपडीचा वाडा झाला तेव्हा. आपल्याला मैत्री आवडते, पण तिच्या शेवटी सोन्याचा वाडा दिसला की अधिक आवडते.

शरणांच्या परंपरेत याच्या अगदी उलट दिशेने जाणारी कथा आहे. मोळिगे मारय्या हे काश्मीरचे राजे होते, आणि राज्य सोडून पत्नी महादेवीसह कल्याणला येऊन त्यांनी लाकडाच्या मोळ्या विकण्याचे कायक पत्करले, असे परंपरा सांगते. मोळी विकून जे येई त्यातून जंगमांना दासोह घडे. त्यांचे दारिद्र्य पाहून बसवण्णांनी गुपचूप त्यांच्या घरी नाणी ठेवली, ती मारय्यांनी ठेवून घेतली नाहीत. आता काश्मीरच्या राजपुत्रांच्या वर्गाचा मेळावा भरला आहे आणि पुस्तिका छापली आहे अशी कल्पना करा. मारय्यांच्या नावापुढे काय येईल? 'पूर्वी राजे, सध्या मोळीविक्री.' वाचणारे चुकचुकतील, कोणी वर्गणी काढू या असेही म्हणेल. माहिती खरी, आणि तरी मारय्यांविषयी त्यात काहीच आलेले नसेल.

बाराव्या शतकातली कथा नको असेल तर आपल्या भागातले उदाहरण घ्या. डॉ. फ. गु. हळकट्टी यांचा जन्म १८८० साली धारवाडला झाला. मुंबईत शिकून ते वकील झाले आणि विजापुरात वकिली करू लागले. त्यांच्याबरोबर शिकलेले लोक हुद्द्यावर चढत असता हळकट्टी खेडोपाडी ताडपत्रे गोळा करीत हिंडत होते. 'वचनशास्त्रसारा'चा पहिला भाग १९२३ साली निघाला. छापखान्यासाठी त्यांनी राहते घर विकले, १९२६ साली 'शिवानुभव' सुरू केले, आणि १९६४ साली गेले ते पैशाने मोकळेच. त्यांच्या वर्गमित्रांना पन्नाशीत त्यांची वार्ता कळली असेल तर ती अशी की चांगला वकील होता, कागदांच्या नादी लागून घर घालवून बसला. आज आपण वचने वाचतो ती त्या घालवलेल्या घराच्या बळावर.

मग शरण एकमेकांची वार्ता घेतच नव्हते का? पुष्कळ घेत होते. अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या समोर नावाडी चौडय्या, परीट माचय्या, दोरखंड वळणारे नुलिय चंदय्या, बिज्जळाचे भांडारी बसवण्णा असे सर्व बसत. वचनांत ते एकमेकांची नावे पुन्हा पुन्हा घेतात. पण नाव घेतात ते कशासाठी, हे नीट पाहावे. अमक्यामुळे मला भक्ती कळली, तमक्यामुळे माझा अहंकार गेला, असे सांगण्यासाठी. बसवण्णा तर आपल्याहून लहान कोणी नाही याच भावनेने बोलतात. शरणांनी ठेवलेली सोबत्यांची नोंद ही ऋणांची नोंद आहे. पुस्तिकेत तोच माणूस असतो, पण कोठे पोहोचला एवढाच दिसतो. वचनात तो आपल्याला काय देऊन गेला ते दिसते.

निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका भक्तांना आम्ही सुचवले की पुस्तिका जपून ठेवा, आणि प्रत्येक नावासमोर त्याच्याकडून तुम्हाला काय मिळाले ते पेन्सिलीने लिहा. महिन्याभराने त्यांनी ती दाखवली. मोठ्या कारखानदाराच्या नावासमोर 'पोहायला शिकवले' असे होते. एका बाईंच्या नावासमोर 'वर्गात चूक झाल्यावर हसली नाही'. सर्वांत लांब नोंद एका अशा मित्राच्या नावासमोर होती, ज्याच्यापुढे 'माहिती उपलब्ध नाही' असे छापले होते. परीक्षेच्या महिन्यात यांना विषमज्वर झाला असता त्याने आपल्या वह्या स्वतःच्या हाताने उतरवून दिल्या होत्या. यांची पदवी, म्हणून बँकेची नोकरी, म्हणून पेन्शन, हे सारे त्या वह्यांतून आलेले. आणि मेळाव्यात त्याची चौकशी यांनीसुद्धा केली नव्हती.

आता दोन आडवळणे सांगितली पाहिजेत. 'मला असल्या मेळाव्यांत रस नाही' असे काही जण मोठ्या वैराग्याने म्हणतात. पुष्कळदा तो मत्सरच असतो, फक्त त्याने विभूती लावलेली असते. मित्राने चांगले काम केले असेल तर मोकळ्या मनाने टाळी वाजवावी, ती त्याची आहे. दुसरे आडवळण याहून वाईट. कोणाची गिरणी बंद पडली, कोणाचा मुलगा व्यसनी निघाला, कोणाचा संसार मोडला, हे ऐकताना आपण 'अरेरे' म्हणतो आणि आत कोठेतरी बरे वाटते. ही गोडी अन्नात मिसळलेल्या विषासारखी असते, चवीला कळत नाही. ज्याची वार्ता ऐकून आपण उंच झालो असे वाटले, त्याच्याविषयी त्या दिवशी आणखी कोणाशी बोलू नये, एवढे पथ्य तरी पाळावे.

कल्याणच्या उत्पातानंतर शरण पांगले. कोणी श्रीशैलाकडे गेले, चन्नबसवण्णांबरोबर बरेच जण उळवीच्या रानाकडे निघाले. वाटेत वचनांच्या रक्षणासाठी लढताना डोहर कक्कय्यांनी देह ठेवला अशी श्रद्धा आहे. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला त्यांचे स्थान आहे, बेळगावच्या वाचकांनी ते पाहिलेही असेल. वाचलेल्यांनी मागे राहिलेल्यांची नावे सोडून दिली असती तर कातडी कमावणाऱ्या कक्कय्यांचे नाव आठशे वर्षे कशाने टिकले असते?

मेळाव्याला जे आले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. कोणाला पत्रिकाच पोहोचत नाही. कोणी पुस्तिकेतल्या हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावे या लाजेने फॉर्म परत पाठवत नाही. कोणी बाई विधवा झाल्यापासून कोठेच जात नाहीत. अशांना फोन करताना पहिलाच प्रश्न 'सध्या काय करतोस?' असा नसावा. आपल्याला जे आठवते तेथून बोलणे सुरू करावे. त्या बँकेतल्या भक्तांनी तसेच केले. वह्या देणारा मित्र गोकाकजवळच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवतो. फोनवर यांनी विषमज्वराची गोष्ट काढली, तर त्याला ती आठवतही नव्हती. तो म्हणाला, "दुपारी दोन ते चार दुकान बंद असते, तेव्हा या. निवांत बसू."